गोड पेये आणि कौटुंबिक आरोग्य : एक तुलनात्मक विचार



भारतीय घरात पाहुण्याचे स्वागत प्रथम पाण्याने आणि त्यापाठोपाठ येणाऱ्या एखाद्या गोड पेयाने होते. पंजाबात लस्सी, ओडिशात बेलफळाचा पणा, कोकणात कोकम सरबत, तामिळनाडूत नन्नारीचे सरबत, उत्तर भारतात शिकंजी आणि देशभर चहा, अशी ही परंपरा आहे. गेल्या काही दशकांत तिच्यात बाटलीबंद शीतपेये, कागदी खोक्यांतील फळांची पेये, दुधात मिसळण्याच्या भुकट्या आणि ऊर्जापेये यांची भर पडली. परिणामी, घरातील मुलांना आणि मोठ्यांना यांपैकी काय द्यावे, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबापुढे उभा राहिला आहे.

या प्रश्नाचे उत्तर बहुधा नावावरून दिले जाते. फळाचे ते चांगले, फसफसणारे ते वाईट. गुळाचे ते निर्दोष, दुधात मिसळायचे ते पौष्टिक, अशी काही गृहीतके समाजात रूढ झालेली आहेत. प्रस्तुत विवेचनाचा हेतू ही गृहीतके तपासून पाहण्याचा आहे. पेयाचे आरोग्यमूल्य त्याच्या नावावरून ठरत नाही. पेल्यात साखर किती, तिच्यासोबत कोणती पोषकद्रव्ये येतात आणि दिवसातून असे पेले किती घेतले जातात, या तीन गोष्टींवरून ते ठरते. हे सूत्र स्वयंपाकघराला जितके लागू आहे, तितकेच ते शासनाच्या कर धोरणालाही लागू आहे.

प्रश्नाची व्याप्ती

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात सुमारे १०.१ कोटी व्यक्ती मधुमेहाने ग्रस्त असून सुमारे १३.६ कोटी व्यक्ती मधुमेहपूर्व अवस्थेत आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) १५ ते ४९ वयोगटातील २०.६ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणापेक्षा अधिक आढळले होते. पाचव्या फेरीत (२०१९-२१) हे प्रमाण २४ टक्क्यांवर गेले. पुरुषांमध्ये ते १८.९ टक्क्यांवरून २२.९ टक्के झाले. त्याच पाचव्या फेरीत ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे एकीकडे उष्मांकांचा अतिरेक आणि दुसरीकडे पोषणद्रव्यांची उणीव, असे कुपोषणाचे दुहेरी ओझे देशावर आहे. गोड पेयांचा विचार या दुहेरी चौकटीतच करावा लागतो, कारण पोषणाविना उष्मांक देणारे पेय दोन्ही बाजूंनी हानी करते.

भारत हा जगातील सर्वांत मोठा साखर उपभोक्ता देश आहे. देशातील वार्षिक खप २८० लाख टनांच्या आसपास असतो. १४० कोटी लोकसंख्येने त्यास भागले असता दरडोई वर्षाला सुमारे २० किलो, म्हणजे दिवसाला सुमारे ५५ ग्रॅम साखर येते. मिठाई, बिस्किटे व पेये यांच्या उद्योगात वापरली जाणारी साखर यात समाविष्ट आहे. गूळ मात्र नाही. ही सरासरी आहे हे ध्यानात घेतले पाहिजे. काही घरांत साखर याहून पुष्कळ कमी, तर काही घरांत पुष्कळ जास्त वापरली जाते.

खर्चाचे चित्रही बोलके आहे. २०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार दरडोई मासिक खर्चात ‘पेये व प्रक्रिया केलेले अन्न’ या गटाचा वाटा ग्रामीण भागात ९.८४ टक्के, तर शहरी भागात ११.०९ टक्के होता. खाद्यपदार्थांच्या गटांमध्ये हा वाटा सर्वाधिक ठरला. या गटात चहा आणि बाहेरचे तयार जेवणही येते, हे खरे. तथापि कुटुंबाचा पैसा कोणत्या दिशेने वळत आहे, हे त्यावरून स्पष्ट होते.

मुक्त शर्करा म्हणजे काय?

तुलना करण्यासाठी प्रथम समान माप हवे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ‘मुक्त शर्करा’ ही संकल्पना वापरली आहे. उत्पादकाने, स्वयंपाक्याने किंवा ग्राहकाने पदार्थात घातलेली साखर, तसेच मध, पाक आणि फळांचा रस यांत निसर्गतः असलेली साखर ही मुक्त शर्करा होय. अखंड फळातील साखर आणि दुधातील दुग्धशर्करा यांचा तीत समावेश होत नाही.

एकूण उष्मांकांपैकी मुक्त शर्करेपासून मिळणारे उष्मांक १० टक्क्यांपेक्षा कमी असावेत, अशी या संघटनेची ठाम शिफारस आहे. ते ५ टक्क्यांखाली आणल्यास अधिक लाभ होऊ शकतो, असेही सुचविले आहे. २००० उष्मांकांच्या आहारात १० टक्के म्हणजे ५० ग्रॅम आणि ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम साखर. चहाच्या सपाट भरलेल्या चमच्यात सुमारे ४ ग्रॅम साखर मावते, असे धरल्यास या मर्यादा अनुक्रमे १२ आणि ६ चमच्यांच्या होतात. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहारविषयक सुधारित मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांतही साखर दिवसाला २५ ते ३० ग्रॅमपर्यंत मर्यादित ठेवण्याचा सल्ला आहे.

साखर खाण्यात आणि पिण्यात फरक आहे. संत्रे चावून खाताना तंतुमय भाग पोटात जातो, खाण्यास वेळ लागतो आणि एक-दोन फळांनंतर समाधान होते. तीन-चार संत्र्यांचा रस मात्र मिनिटभरात पिऊन होतो. तंतू चोथ्यात राहतात आणि साखर वेगाने रक्तात उतरते. द्रवरूपातील उष्मांकांनी भूक फारशी भागत नाही, म्हणून पुढच्या जेवणात तेवढी घटही होत नाही. दातांचाही प्रश्न आहे. तोंडातील जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि सामू ५.५ च्या खाली गेला की दातांचे कठीण आवरण झिजू लागते. दिवसभर घोट घोट गोड पेय घेणाऱ्याच्या दातांना सावरण्यास अवधीच मिळत नाही.

पेल्या-पेल्याची तुलना

आता प्रत्यक्ष पेयांकडे वळू. पुढील आकडे सर्वसाधारण स्वरूपाचे आहेत. प्रत्येक उत्पादनाच्या वेष्टनावरील पोषण तक्ता पाहून ते पडताळता येतात.

साखरयुक्त कोला शीतपेयात १०० मिलिलिटरला साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते. ३०० मिलिलिटरच्या बाटलीत ती सुमारे ३२ ग्रॅम, म्हणजे ८ चमचे होते. दिवसाची २५ ते ३० ग्रॅमची मर्यादा एका बाटलीने ओलांडली जाते आणि उष्मांकांखेरीज काहीही मिळत नाही.

आंब्याच्या किंवा तत्सम फळपेयांत १०० मिलिलिटरला ११ ते १५ ग्रॅमपर्यंत साखर आढळते. २०० मिलिलिटरच्या खोक्यात ती २२ ते ३० ग्रॅम होते. भारतीय मानकांनुसार ‘फळपेय’ या वर्गासाठी फळांचा अंश किमान १० टक्के असला तरी पुरतो. लिंबाच्या बाबतीत तर ५ टक्के. वेष्टनावर आंब्याचे चित्र मोठे असते, पण पेल्यातील मुख्य घटक पाणी आणि साखर हेच असतात. साखरेच्या मापाने पाहिल्यास हे पेय कोला पेयाच्या शेजारीच बसते.

उसाचा रस ताजा आणि नैसर्गिक म्हणून लोकप्रिय आहे. मात्र वर उल्लेखिलेल्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार त्यात १०० मिलिलिटरला १३ ते १५ ग्रॅम साखर असते. २५० मिलिलिटरच्या पेल्यात ३२ ते ३७ ग्रॅम साखर येते. कधीतरी उन्हाळ्यात घेतलेला पेला आणि रोजचा पेला यांत म्हणूनच भेद केला पाहिजे.

दुधाचे स्थान वेगळे आहे. २०० मिलिलिटर साध्या दुधातून सुमारे ६ ग्रॅम प्रथिने आणि २४० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळते; त्यातील दुग्धशर्करा मुक्त शर्करेत मोजली जात नाही. मात्र त्यात माल्टची भुकटी घातली की गणित बदलते. काही लोकप्रिय भुकट्यांत वजनाच्या जवळजवळ एकतृतीयांश साखर असते. २० ग्रॅम भुकटीसोबत ६-७ ग्रॅम साखर जाते. त्यावर घरची आणखी एक-दोन चमचे साखर घातली जाते. यातील पोषण मुख्यतः दुधाचे असते, श्रेय मात्र भुकटीला मिळते.

गोड लस्सीत दह्याचे गुण असले तरी पेल्याला ५ चमचे साखर घातल्यास २० ग्रॅम मुक्त शर्करा येते. लिंबू सरबताच्या पेल्यात घरच्या सवयीनुसार १२ ते १६ ग्रॅम साखर असते. पन्हे आणि कोकम सरबत यांचेही तसेच. घरच्या पेयाचा मोठा गुण हा की त्याचा चमचा घरातील माणसाच्या हाती असतो आणि साखर निम्मी करण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

शहाळ्याच्या पाण्यात १०० मिलिलिटरला साधारण ३ ते ४ ग्रॅम नैसर्गिक साखर आणि भरपूर पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र ते वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावे. साध्या ताकात साखर घातलेली नसते, उष्मांक अल्प असतात आणि काही प्रमाणात प्रथिने व कॅल्शियम मिळते. केरळमधील संभारम्, तामिळनाडूतील नीर मोर, कर्नाटकातील मज्जिगे, गुजरातमधील छास आणि महाराष्ट्रातील मठ्ठा ही या एकाच शहाणपणाची प्रादेशिक रूपे आहेत. मीठ मात्र बेताचे हवे. बिहारमधील सातूचे मीठ-लिंबू घातलेले पेयही हरभऱ्याची प्रथिने देणारे आहे.

या क्रमवारीत सर्वांत वर पाणी येते. त्याखालोखाल साधे ताक व साधे दूध, नंतर शहाळे, त्यानंतर कमी साखरेची घरगुती सरबते आणि सर्वांत खाली शीतपेये, फळपेये व उसाचा रस असा क्रम लावता येतो. ज्या पेयांना समाज परस्परविरोधी समजतो, ती कोला आणि आंब्याचे खोके या क्रमवारीत एकाच पायरीवर आहेत, ही बाब लक्षणीय आहे.

वारंवारितेचा हिशेब : चहा

आतापर्यंतची तुलना एका पेल्याची झाली. परंतु शरीर दिवसाचा, महिन्याचा आणि वर्षाचा हिशेब ठेवते. येथे चहाचा विचार अपरिहार्य ठरतो.

एखादी व्यक्ती दिवसातून चार कप चहा घेते आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर असते, असे समजू. ८ चमचे, म्हणजे ३२ ग्रॅम साखर झाली. कोला पेयाच्या ३०० मिलिलिटरच्या बाटलीत नेमकी एवढीच साखर असते. याचा अर्थ असा की जी व्यक्ती ‘आपण शीतपेयांना स्पर्शही करत नाही’ असे अभिमानाने सांगते, ती साखरेच्या मापाने रोज एक बाटली रिचवत असू शकते. याउलट आठवड्यातून एकदाच शीतपेय घेणाऱ्याच्या वाट्याला त्यातून दिवसाला सरासरी ४.५ ग्रॅम साखर येते. चहातील साखर त्याच्या सातपट आहे.

यावरून शीतपेये निर्दोष ठरत नाहीत. ज्या घरातील मुले रोज बाटली किंवा खोके संपवतात, तेथे धोका तेथेच आहे. तात्पर्य इतकेच की प्रत्येक कुटुंबाने आपली साखर नेमकी कोठून येते, हे आधी पाहावे. वरील उदाहरणातील व्यक्तीने प्रत्येक कपातील साखर एका चमच्यावर आणली, तर दिवसाला १६ ग्रॅम आणि वर्षाला सुमारे ५.८ किलो साखर वाचते. चहा सोडावा लागत नाही. जीभ काही आठवड्यांत कमी गोडीला सरावते.

चहाबाबत आणखी एक मुद्दा रक्तक्षयाशी निगडित आहे. चहातील टॅनिनमुळे अन्नातील लोहाचे शोषण घटते. म्हणून जेवणाच्या आधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळावी, असे राष्ट्रीय पोषण संस्थेने सुचविले आहे. निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असणाऱ्या देशात या विनाखर्चाच्या उपायाचे मोल मोठे आहे. याउलट लिंबू आणि आवळा यांतील क जीवनसत्त्व लोहाच्या शोषणास मदत करते.

स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या तरुणांत रात्रीच्या जागरणासाठी ऊर्जापेये घेण्याची प्रथा वाढली आहे. भारतीय मानकांनुसार कॅफिनयुक्त पेयांत लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन असू शकते. बालके आणि गर्भवती व स्तनदा माता यांच्यासाठी ते योग्य नसल्याची सूचना वेष्टनावर द्यावी लागते. अशा पेयांतील साखर बहुधा शीतपेयाइतकीच असते. उसनी घेतलेली ही तरतरी नंतरच्या झोपेतून वसूल होते आणि स्मरणासाठी झोप किती आवश्यक आहे, हे विद्यार्थ्यांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

नावांचा भ्रम आणि नियामक संस्था

ग्राहक आणि उत्पादक यांच्याजवळील माहिती समान नसते. अर्थशास्त्रात यास माहितीची असममितता म्हणतात. पेल्यात काय आहे, हे उत्पादक जाणतो. ग्राहक केवळ नाव वाचतो. म्हणूनच नावावर नियंत्रण ठेवणे हे नियामकाचे कर्तव्य ठरते. या दृष्टीने अलीकडील तीन घटना अभ्यासनीय आहेत.

पहिली घटना एप्रिल २०२४ ची. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ यात ‘हेल्थ ड्रिंक’ अशी कोणतीही व्याख्या नाही. त्यामुळे दुग्धजन्य, धान्याधारित आणि माल्टयुक्त पेये या शीर्षकाखाली विकू नयेत, असे ई-व्यापार संकेतस्थळांना कळविण्यात आले. दुसरी घटना जून २०२४ ची. अर्क पातळ करून तयार केलेल्या रसांच्या वेष्टनांवरून आणि जाहिरातींतून ‘शंभर टक्के फळांचा रस’ हा दावा काढून टाकण्याचे निर्देश भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने दिले.

तिसरी घटना सर्वांत गंभीर आहे. अतिसारात शरीरातील पाणी व क्षार भरून काढणारे ओआरएस हे मिश्रण विसाव्या शतकातील एक महत्त्वाचा वैद्यकीय शोध मानले जाते. १९७१ च्या बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या काळात पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी त्याचा मोठ्या प्रमाणावर वापर करून असंख्य प्राण वाचविले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. २००२ पासून प्रचलित असलेल्या जागतिक सूत्रानुसार एक लिटर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि ठरावीक क्षार असतात. म्हणजे १०० मिलिलिटरला अवघे १.३५ ग्रॅम ग्लुकोज. ते गोडीसाठी नसते, तर आतड्यातून सोडियम व पाणी शोषले जाण्यास मदत करते. हे प्रमाण बिघडून साखर फार वाढली, तर पाणी उलट आतड्याकडे ओढले जाते आणि अतिसार बळावतो. असे असताना कित्येक पटींनी अधिक साखर असलेली पेये नावात ‘ओआरएस’ ही अक्षरे मिरवीत औषधाच्या दुकानांत विकली जात होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये प्राधिकरणाने आदेश काढून, विहित सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात ही अक्षरे वापरण्यास मनाई केली. नावावरून पेय निवडण्याची सवय बालकाच्या जिवावरही बेतू शकते, याचे याहून स्पष्ट उदाहरण नाही.

काही भ्रम घरातच जन्मतात. गूळ आणि मध हे साखरेहून आरोग्यदायी म्हणून मोकळ्या हाताने वापरले जातात. गुळात काही खनिजे असली तरी त्याचा बहुतांश भाग साखरच असतो. मधही मुक्त शर्करेतच मोजला जातो. गुळाच्या चहाचा हिशेब म्हणूनच साखरेच्या चहासारखाच ठेवावा लागतो. शर्कराविरहित कृत्रिम गोडीची पेये हाही पूर्ण पर्याय नव्हे. वजन आटोक्यात ठेवण्याचे साधन म्हणून असे गोडी आणणारे पदार्थ वापरू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये सुचविले. गोडीची सवय कायम ठेवून केवळ साखर बदलण्यापेक्षा सवयच सौम्य करणे श्रेयस्कर.

कर धोरण : नावावर की मात्रेवर?

चहाच्या एका कपातील दोन चमचे साखरेला ३५-४० पैशांहून अधिक पडत नाहीत. दहा रुपयांत शीतपेयाची छोटी बाटली मिळते. दुधाचा दर लिटरला ६० रुपये धरल्यास तेवढ्याच पैशांत जेमतेम १६५ मिलिलिटर दूध येते. गोडीची बाजारातील किंमत अशी अल्प असते. मधुमेह, दंतविकार आणि त्यांवरील उपचार यांच्या रूपाने येणारी खरी किंमत पुष्कळ वर्षांनी, कुटुंबाला आणि सार्वजनिक आरोग्य व्यवस्थेला चुकवावी लागते. बाजारभावात न दिसणारा हा खर्च भावात आणण्याचे एक साधन म्हणजे कर.

मेक्सिकोने १ जानेवारी २०१४ पासून साखरयुक्त पेयांवर लिटरला एक पेसो कर बसविला. पहिल्या वर्षी अशा पेयांच्या खरेदीत सरासरी सुमारे ६ टक्के घट झाली आणि करमुक्त पेयांची, प्रामुख्याने बाटलीबंद पाण्याची, खरेदी वाढली. ब्रिटनने एप्रिल २०१८ पासून वेगळा मार्ग अवलंबिला. १०० मिलिलिटरला ५ ग्रॅमपेक्षा कमी साखर असल्यास कर नाही, ५ ते ८ ग्रॅमपर्यंत एक दर आणि ८ ग्रॅम वा अधिक असल्यास चढा दर, अशी रचना होती. कराची घोषणा २०१६ मध्येच झाल्याने तो लागू होण्यापूर्वीच अनेक उत्पादकांनी पेयांतील साखर घटविली. ग्राहकाला सवय बदलण्यास सांगण्याऐवजी उत्पादकाला पाककृती बदलण्याचे प्रयोजन मिळाले.

भारतात २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा वायुमिश्रित पेयांवर २८ टक्के कर आणि १२ टक्के भरपाई उपकर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यांवर ४० टक्के असा एकच दर आला. त्याच वेळी वायुविरहित फळरसाधारित पेयांवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणण्यात आला. फळप्रक्रिया उद्योगाला आणि पर्यायाने फळ उत्पादकांना चालना देणे, हा त्यामागील युक्तिवाद समजण्याजोगा आहे. परंतु आरोग्याच्या दृष्टीने पाहिल्यास सारखीच साखर असलेल्या दोन पेयांपैकी एकावर ४० आणि दुसऱ्यावर ५ टक्के कर बसतो. साखर न घातलेले वायुमिश्रित गोड पेय मात्र ४० टक्क्यांच्याच गटात राहते. ही रचना साखर कमी करणाऱ्या उत्पादकाला कोणतेही बक्षीस देत नाही. ‘फळाचे ते चांगले’ या घरगुती गृहीतकाला ती नकळत पाठबळ देते. कराचा आधार पेयाच्या वर्गाऐवजी १०० मिलिलिटरमधील साखर हा केल्यास उत्पादक आणि कुटुंब या दोघांनाही योग्य संकेत मिळेल. फळांच्या अंशाला उत्तेजन द्यायचे असल्यास, साखरेच्या मर्यादेची अट घालून तेही साधता येईल.

यावर एक आक्षेप घेतला जातो. देशात सुमारे ५ कोटी शेतकरी उसावर अवलंबून आहेत. उत्तर प्रदेश, महाराष्ट्र आणि कर्नाटक या राज्यांची ग्रामीण अर्थव्यवस्था त्याभोवती गुंफलेली आहे. साखरेचा खप घटल्यास त्यांचे काय, असा हा प्रश्न आहे. आक्षेप रास्त आहे. परंतु आहारातील बदल हा मंद गतीने होतो आणि उसाला साखरेखेरीज इथेनॉलची वाट उपलब्ध झालेली आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट मूळच्या २०३० ऐवजी २०२५-२६ वर आणले गेले, ते या दृष्टीने महत्त्वाचे ठरले. शेतकऱ्याचे उत्पन्न टिकविण्यासाठी बालकांच्या आहारात साखर टिकविणे, हा धोरणात्मक पर्याय होऊ शकत नाही.

कुटुंब आणि शाळा

वयोमानानुसार काही पथ्ये स्पष्ट आहेत. पहिले सहा महिने बालकास केवळ मातेचे दूध द्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ६ ते २३ महिन्यांच्या बालकांना साखरयुक्त पेये देऊ नयेत आणि फळांचा शुद्ध रसही मर्यादितच ठेवावा. शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी पाणी, साधे दूध, ताक आणि अखंड फळ हे नित्याचे असावे. गोड पेय सणासमारंभापुरते. प्रौढांनी चहातील चमच्यापासून आरंभ करावा. मधुमेही व्यक्तीच्या घरी वेगळे पेय करण्याऐवजी सर्वांसाठीच कमी गोड करणे सोयीचे आणि हितावहही असते.

शाळांच्या पातळीवर काही पावले पडली आहेत. २०२० च्या विनियमांनी शाळेच्या आवारात आणि प्रवेशद्वारापासून ५० मीटरच्या परिसरात अतिरिक्त चरबी, मीठ वा साखर असलेल्या पदार्थांच्या विक्रीस मनाई केली. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने मे २०२५ मध्ये संलग्न शाळांना ‘साखर फलक’ लावण्यास सांगितले. कोणत्या पेयात किती साखर आहे आणि दिवसाची मर्यादा किती, हे या फलकावर विद्यार्थ्यांना दिसावे, अशी त्यामागील कल्पना आहे. नावाऐवजी मात्रा वाचण्याचे हे पहिले शिक्षण होय. हाच फलक घरातील स्वयंपाकघरातही लावता येईल; त्यासाठी कोणत्याही परिपत्रकाची आवश्यकता नाही.

सारांश, गोड पेयांच्या तुलनेत कोणतेही एक पेय खलनायक वा नायक नाही. पेल्यातील ग्रॅम, पेल्यांची संख्या आणि सोबत मिळणारे पोषण या तीन मोजमापांनी प्रत्येक पेयाची परीक्षा घेता येते. ही परीक्षा नागरिकांनी वेष्टन वाचून, उत्पादकांनी पाककृती सुधारून आणि शासनाने कराचा आधार साखरेच्या मात्रेशी जोडून द्यावयाची आहे. मधुमेहपूर्व अवस्थेतील सुमारे १३.६ कोटी भारतीय आज दोन वाटांच्या तिठ्यावर उभे आहेत. त्यांपैकी किती जण रोगाच्या वाटेने जातील, हे काही अंशी दवाखान्यांत ठरेल. बऱ्याच अंशी मात्र ते घराघरांतील चहाच्या चमच्यावर आणि मुलांच्या हाती दिल्या जाणाऱ्या पेल्यावर ठरणार आहे.